पहिल्यापासूनच यावं लागतं

शेजारच्या मुलीला आम्ही सगळे ‘पकड’ म्हणतो, कारण पकड तिच्या हातात कायम असते. व्यवसाय शिक्षणाच्या कॉलेजात ती घरगुती यंत्रांची दुरुस्ती शिकते. माझा मिक्सर दोनदा तिनेच जिवंत केला. पण इंग्रजीत कुणी नाव विचारलं तरी तिची बोबडी वळते.

गेल्या महिन्यात मिक्सरच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारीसाठी तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. जागा एकच, आणि बोलायचं इंग्रजीत. पुढच्या वर्गातल्या मुलींकडून तिने नेहमीचे दहा प्रश्न मिळवले, उत्तरं पाठ केली आणि रोज माझ्या ओट्याशी उभी राहून धडाधड म्हणू लागली.

एकदा मी मुद्दाम चौथा प्रश्न आधी विचारला. पोरगी मनातच म्हणू लागली. ओठ मात्र हलत होते.

“अगं, पोचलीस कुठे?”

“दुसऱ्यावर. थांबा ना काकू, पहिल्यापासूनच यावं लागतं.”

तिला न्यायला आलेला भाऊ दारातच फिस्सकन हसला. “साहेबांना सांग, प्रश्न रांगेने विचारा म्हणावं!”

तिचे डोळे भरले. मी वही मिटली आणि मिक्सर पुढे सरकवला. “हा उघड, आणि काय करतेस ते इंग्रजीत सांगत जा. मोडकंतोडकं चालेल.”

स्क्रू सैल झाले, तशी जीभही. कर्ता एकीकडे, क्रियापद भलतीकडे. पण मोटारीतला कार्बन ब्रश झिजल्यावर काय होतं, ते मला चक्क कळलं! मग आठवडाभर रोज मिक्सर उघडला आणि रोज आमची जेवणं उशिरा झाली.

मुलाखतीत नेमका सातवा प्रश्न आधी आला: मोटार गरम का होते? हिचे हात मांडीवर. मनातल्या मनात पहिल्यापासून यायला निघाली, तर तिसऱ्यावर असतानाच साहेबांनी पुढच्या उमेदवाराचा कागद ओढला. तेवढ्यात तिला खिडकीपाशी ठेवलेला मिक्सर दिसला.

“मे आय ओपन, सर?”

साहेबांनी मान हलवली. मग ती मोटार खोलत गेली, बोलत गेली. शब्द अडला तिथे बोट ठेवलं. शेवटी साहेबच खुर्ची सोडून जवळ येऊन उभे राहिले.

काल पत्र आलं. जागा मिळाली, सोबत आठवड्यातून दोनदा इंग्रजीचा वर्गही. ती धावत सांगायला आली, तेव्हा मी तळहात पुढे केला.

“शाब्बास! आता माझ्या मिक्सरचा हा उरलेला स्क्रू कुठला, ते तेवढं आपल्या भाषेत सांग.”