सातव्या दिवसाची आंघोळ

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात देवी टोचायला सुरुवात झाली, तेव्हा गावातल्या पाच सुईणींनी आधी मनकर्णाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्यात ती मुख्य. तिनं मान हलवली तर सगळ्या जाणार, नाहीतर दाक्तरानं खुशाल कुलूप लावावं. बाई महाहट्टी, पण देवीनं तिची स्वतःची दोन लेकरं नेली होती. तिनं मान हलवली.

आया मात्र ऐकेनात. मग तिनं युक्ती काढली. "हे देवीच हाय बाई," ती दारोदार सांगू लागली, "लहान होऊन हातावर येते, अन् मोठीले घरात येऊ देत नाही." मात्रा लागू पडली. टोचलेल्या लेकराच्या हातावर फोड यायचा. आठव्या दिवशी त्यातली लस काढून पुढच्या लेकराला टोचायची. ही साखळी तुटली की लस संपली.

पाचातली गुलनार स्वतःच्या नातवापुरती शेवटपर्यंत अडून बसली होती. अखेर नातवाला आणायला तयार झाली. "तुह्या भरवशावर आणतो, मनकर्णे."

त्या आठवड्यात लस दोनच लेकरांच्या हातावर होती. घरात देवी आली म्हणून दोघांच्या आयांनी रीतीप्रमाणे सातव्या दिवशी त्यांना कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली आणि फोड चोळून देवीची बोळवण केली. आठव्या दिवशी गुलनार नातवाला काखेत घेऊन उभी, आणि टोचणाऱ्या शेषरावापुढे नुसती खपली. आयांचं काय चुकलं? देवी म्हणून सांगितलं, त्यांनी देवीसारखं वागवलं.

नवी लस मुंबईहून यायला महिना. कापसाला सोन्याचा भाव आलेला, बाळापूरकडून गाड्यांची रीघ लागलेली. एका गाडीवानाबरोबर मोठी देवीच आधी पोचली. ती गुलनारच्या नातवाला झाली, आणि बाराव्या दिवशी तो गेला.

"माह्याच तोंडानं झालं," मनकर्णा तिच्या घरी जाऊन म्हणाली.

"आंघोळ नोका घालू, हे काहून नाही सांगतलं?"

मनकर्णाला ते सुचलंच नव्हतं. एवढंच खरं, आणि तेच तिला आयुष्यभर खात राहिलं.

पुढे तिनं सुईणींना नेम घालून दिला: सातव्या दिवशी टोचलेल्या लेकराच्या दारात दिवसभर बसायचं, आंघोळ होऊ द्यायची नाही. शिव्या खाल्ल्या, पण साखळी पुन्हा तुटली नाही. गुलनारही बसे. मनकर्णाशी बोलत मात्र नसे.

दोन वर्षांनी गुलनारला नात झाली. टोचायला तिनं आपणहून आणली. सातव्या दिवशी मनकर्णा तिच्या घरी गेली, तर गुलनार उंबऱ्यात बसलेली.

"जाय तू," ती म्हणाली. "इथं मीच बसून राहिली. आता कोणाच्या भरवशावर नाही."

मनकर्णा आल्या पावली परत गेली.