अस्तरातला खिसा

आमच्या भिंतीपलीकडे टेलर राहतात. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. भिंत इतकी पातळ की कान लावायची गरजच नाही. मी लावते ती निव्वळ सवय. टेलरांचा हात कापडावर जेवढा हलका, तेवढाच मुलीवर जड. मापाची लाकडी पट्टी त्यांच्या वडिलांची, आणि तिचा दुसरा उपयोगही वडिलांकडूनच शिकलेला. मुलगी आठ वर्षांची. मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी घरभर गरगरते म्हणून सगळे तिला बॉबिन म्हणतात.

एकदा तिनं शिवणाचे खडू तुडवले आणि पट्टी बसली. तेव्हापासून पोरगी पक्की थापाडी झाली. सुई कुणी मोडली? मांजरानं. तेल कुणी सांडलं? मांजरानं. त्या घरात मांजर नाही. पुढे एकदा टेलरांनी नुसतं माप घ्यायला पट्टी उचलली, तर भर गिऱ्हाइकासमोर ती दोन्ही हात डोक्यावर घेऊन टेबलाखाली शिरली. टेलरांचा चेहरा खर्रकन उतरला. मी साखर मागायला दारात होते, म्हणून दिसलं. त्यांच्या बायकोनं त्या दिवशी सुनावलं, की आज ही टेबलाखाली लपतेय, मोठी झाल्यावर तुमच्यापासून काय काय लपवेल कोण जाणे. टेलर दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मग आला डॉक्टरांचा कोट. निळ्या साटीनचं अस्तर, संध्याकाळी सहाला न्यायचा. दुपारी टेलरांनी तो उलटा केला, तर आत तळहाताएवढं भोक. टेबलाखाली बाहुली निळा झगा घालून बसलेली आणि तिच्या मागे बॉबिन.

इकडे मी गॅस बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. पट्टी उचलल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. राहवेना, वाटी घेऊन गेले.

टेलर चक्क जमिनीवर बसले होते. पट्टी त्यांनी टेबलाखाली सरकवली. "भोक केवढं आहे, मोजून सांग."

"मारणार?"

"नाही. पण कोट आपण दोघांनी नीट करायचा."

"मांजरानं..." ती अडखळली. "मीच कापलं, बाबा. मला वाटलं, अस्तर कुणाला दिसतंय."

घालणाऱ्याला दिसतं, एवढंच ते म्हणाले. उरलेल्या तुकड्यातून भोकावर खिसा बसवायचं ठरलं. माप बॉबिननं घेतलं, कडा तिनं दुमडल्या, मशीन बाबांनी चालवलं. माझ्या वाटीकडे कुणी बघेना, तेव्हा मीच मुकाट टाचण्या धरल्या.

डॉक्टर आले. बाबांचा सदरा मुठीत धरून बॉबिननं सगळं सांगितलं. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या. माझाच कोट सापडला का, म्हणाले. टेलरांनी सारवासारव केली नाही. नको असेल तर परवापर्यंत अख्खं अस्तर बदलून देतो, म्हणाले. डॉक्टरांनी खिशात हात घालून पाहिला, मग चष्मा लावून शिवण पाहिली. "राहू दे," म्हणाले आणि कोट घेऊन गेले.

टेलर काही संत झाले नाहीत. आवाज अजून चढतो, पण पट्टी कापडावरच चालते.

परवा पलीकडे मशीन अचानक थांबलं. मी सवयीनं गॅस बंद केला.

"बाबा, सुई मोडली. मांजर नव्हतं."

"कळलं. ये, नवी कशी बसवतात दाखवतो."

मी गॅस पुन्हा पेटवला. आता त्या घरात ऐकण्यासारखं फारसं उरलं नाही.