भाटवे आणि न्हाणीतली सांध

जुन्यावर नवे चढवणे हे ज्याच्या लेखी एकमेव अक्षम्य पाप होते, असा गृहस्थ उभ्या वर्धा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला भाटवा म्हणून आला. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान हिंगणघाटच्या एका कापडगिरणीतून निवृत्त झालेले. रंगावर रंग, ठिगळावर ठिगळ, पोस्टरवर पोस्टर त्यांना सोसत नसे. सेलूच्या एका लग्नात वरात दारात आली, तेव्हा हे मांडवाच्या खांबावर चिकटलेले मागल्या लग्नाचे पताकांचे कागद नखाने खरवडत होते. औषधाच्या बाटलीत तेल आणायचे, तर तिच्यावरची चिठ्ठी निघेपर्यंत तेल दुकानातच राही. "घाव न धुता पट्टी बांधाची काऊन?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

दुसरा नियम असा, की जावयाने सासुरवाडीला कारणावाचून पाऊल टाकू नये. ताई होती तेव्हाही ते दिवाळीला आणि धोंड्याच्या महिन्यातच येत. ताई गेली आणि कारणेच संपली. मी बोलावी, ते "येतो" म्हणत, आणि येत नसत. तिकडे ते एकटेच जेवत असतील, हे मला पानावर बसलो की आठवे; पण हात धरून आणण्याचे धाडस माझ्यात नव्हते.

वाट काढली ती आमच्या न्हाणीने. बोरगाव मेघेच्या घरात फवारा बसवला, तेव्हा मस्कतहून आलेल्या धाकट्या भावाने सिलिकॉन नावाचे पांढरे रबर नळीतून पिळून भिंत आणि फरशी यांमधल्या सांधीत भरले होते. काही वर्षांत ते काळे पडले, कडेने सुटले, आणि पलीकडे स्वयंपाकघराची भिंत ओल धरू लागली. भावाने दुसरी नळी आणून दिली. ती त्याच्यावरच भरावी, असा माझा विचार भाटव्यांच्या कानी गेला मात्र, पुढच्याच रविवारी पहिल्या बसने ते दारात हजर. पिशवीत करवतीचे तुटके पाते आणि बांबूच्या चिपा.

"जुन्यावर नवं भरून राह्यले म्हने तुम्ही?" एवढे विचारून पाणीही न पिता ते न्हाणीत शिरले.

मग रविवारमागून रविवार न्हाणी त्यांच्या ताब्यात गेली. रॉकेलने रबर भिजवायचे, पात्याने कड उचलायची, चिपेने हळूहळू ओढायचे. लांबलचक दोरी अखंड निघाली, की साप धरल्याच्या ऐटीत ते ती स्वयंपाकघरात आणून दाखवीत. आम्ही अंगणात आंघोळी करीत होतो, आणि पोह्यांना रॉकेलचा वास येत होता. एकदा आमच्या हिचे उलथणे न्हाणीत सापडले.

"भाऊजी, आता भाजी का तुमच्या पात्यानं उलथू?"

"उलथा वहिनी. धुतलेलं हाय."

हळूहळू त्यांच्या हाताचा वेग मंदावला. पूर्वी बसल्या बैठकीला हातभर सांध मोकळी होई. आता बोटभर होईना. अर्धवट खरवडलेले ज्यांना बघवत नसे, ते मुद्दाम थोडे पुढच्या रविवारसाठी ठेवीत होते. हिच्या ते आधीच ध्यानात आले होते. माझ्या, नेहमीप्रमाणे, उशिरा.

अखेर सांध दातासारखी स्वच्छ झाली. नवे रबर भरून त्यांनी त्यावरून ओले बोट फिरवले, आणि जेवण होताच पिशवी खांद्याला लावली.

"झालं बापू. आता माहं काई काम नाई इथं."

"येत जा अधूनमधून," एवढेच मी पुटपुटलो. नेमके शब्द मला वेळेवर कधीच सापडले नाहीत.

ही ओट्याजवळून म्हणाली, "भाऊजी, इथली फरशी हालून राह्यली. खालचा चुना जुना झाला वाटते."

ते परतले. टाच रोवून त्यांनी फरशी दाबली. ती तसूभरही हलली नाही. त्यांनी हिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. बारीकशा असत्यानेही आठवडाभर अस्वस्थ होणारा मी, त्या क्षणी अगदी स्वस्थ होतो.

"हालते," ते गंभीरपणे म्हणाले. "आज नाई होनार हे. जुनं पूरं काढा लागन." आणि पिशवी त्यांनी आमच्याच खुंटीला अडकवली.

त्या फरशीची पाहणी पुढे कित्येक रविवार चालली; तिला पाते मात्र त्यांनी कधी लावले नाही. आता ते नाहीत. खुंटीवर पिशवी आहे. रविवारी ओट्यापाशी गेलो, की मी त्या फरशीवर टाच रोवून पाहतो.

"हालते का?" ही विचारते.

"हालते," मी म्हणतो.