एकोणीस नंबरचा गिलावा

हाल्डिंगन या जर्मन गावाच्या मुख्य रस्त्यावरच्या निम्म्या भिंतींना आल्विन डॉइश्लेचा हात लागला होता. तो गवंडी, गिलाव्यात वाकबगार. युद्धात एक बोट गमावून आला, पण थापी धरायला चार पुरतात म्हणायचा.

युद्धानंतर गावाला नवेपणाचं वेड लागलं. त्या रस्त्यावरची घरं सगळी लाकडी चौकटीची, उभ्या-आडव्या-तिरप्या वाशांची, मधे माती लिंपलेली. लोकांना ती खेडवळ वाटू लागली. एकेक जण आल्विनला बोलावून आपलं घर गुळगुळीत करून घेऊ लागला. लाकडावर गिलावा धरत नाही, म्हणून आधी कुऱ्हाडीने वाशांना खाचा पाडायच्या, मग चुना-वाळूचा थर द्यायचा.

सत्तावन्न साली त्याने एकोणीस नंबरचं घर असंच झाकलं. तिथे कोपऱ्याच्या खांबावर एक माणूस कोरलेला होता. गाल फुगवून, दोन्ही हातांनी वरची तुळई पेलणारा. परांचीवर आल्विन त्याच्या तोंडासमोर क्षणभर थांबला.

"काय रे, गप्पा मारतोस का त्याच्याशी?" खालून घरमालक ओरडला.

आल्विनने कुऱ्हाड चालवली. छातीवर, पोटावर, दंडावर. तोंडावर मात्र हात उचलेना. ते त्याने गोणपाटाने झाकलं, वरून जाळी ठोकली आणि गिलावा ओढला.

सतरा वर्षांनी नगरपालिकेने एकोणीस आणि एकवीस नंबर पाडून तिथे मोठं दुकान उभारायचा घाट घातला. एकवीस नंबर तर कधीचं ओस पडलं होतं. एका अभियंत्याने अहवाल दिला, तो गावच्या पेपरात आला. 'साधे बांधकाम, जतन करण्याजोगे काही नाही.'

"साधं म्हणे!" आल्विन न्याहारी करता करता बायकोला म्हणाला. "हा काय नुसती भिंतीला टिचकी मारून आला?"

"मग जाऊन सांग की," क्रेसेन्स म्हणाली.

"काय सांगू? मीच तो लाकडी माणूस फोडला म्हणून?"

"फोडलास तर फोडलास. अख्ख्या गावाने फोडून घेतलं, कुऱ्हाड तेवढी तुझी. आता दात पडायला आले, अजून लाजतोस?"

नगरपालिकेच्या सभेत तो उठून बोलला. गिलाव्याखाली ओकच्या लाकडाचं जुनं काम आहे, कोपऱ्यावर कोरीव माणूस आहे.

"तुम्हाला कसं ठाऊक?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"मीच त्याच्यावर कुऱ्हाडीने घाव घातलेत."

सभागृहात हशा पिकला. "खून करून सतरा वर्षांनी प्रेत दाखवायला आलाय!" औषधवाला म्हणाला. आल्विनचे कान लाल झाले, पण तो खाली बसला नाही. शेवटी घरं पाडायचा ठराव पुढच्या महिन्यावर गेला.

खरी अडचण सभेत नव्हतीच. एकोणीस नंबरचा जुना मालक वारला होता. घर आता त्याच्या मुलीचं, वालबुर्गाचं. खाली तिचं लोकरीचं दुकान, वर ती एकटी. तिला घर विकायचंच होतं. दुसऱ्या दिवशी आल्विन दुकानात गेला, तर ती काउंटरमागूनच कडाडली.

"माझं घर आहे ते, तुमच्या पापाचं प्रायश्चित्त नाही! हिवाळ्यात संडासाला अंगणात जावं लागतं मला. तुम्ही जाता का?"

"नाही."

"मग?"

आल्विनने टोपी काढून हातात घेतली. तो उभाच राहिला. गिऱ्हाईक येऊन गेलं, तरी उभा. अखेर ती वैतागून म्हणाली, "हातभर खरवडा. वर एक बोटही नाही."

त्याने शिडी लावली. छिन्नीने गिलावा सोडवला, जाळी कापली. कुजलेलं गोणपाट हाताने ओढताच ते फुगलेले गाल बाहेर आले. एका गालावर जुना तांबडा रंग अजून होता. वालबुर्गा विणकाम हातात घेऊनच रस्त्यावर आली आणि वर बघत राहिली.

"हा तर आमचा फुग्या," ती म्हणाली. "शाळेत जाताना मी रोज त्याला वाकुल्या दाखवायची. मी कामाला शहरात होते तेव्हा नाहीसा झाला. बाबा म्हणाले, खांब सडला होता."

"सडला नव्हता."

"दिसतंय की." तिने खांबाकडे बोट करून विचारलं, "बाकीचा कुठाय?"

"खाली आहे. पण बघवणार नाही तुम्हाला."

"काढा."

त्या आठवड्यात आल्विनने सबंध दर्शनी बाजू उघडी केली. घाव मोजता येणार नाहीत इतके होते. वालबुर्गाने विक्री मोडली. घर जपा म्हणून सांगायला आलेल्या सरकारी बाईंना तिने आपली अट ऐकवली: आधी घरात संडास, न्हाणीघर आणि गरम पाणी, मग लाकडी माणसाची काळजी. तिला तिन्ही गोष्टी मिळाल्या. एकवीस नंबर मात्र पाडलं गेलं आणि तिथे सिमेंटची इमारत बांधून दुकान आलं. डागडुजीला आलेल्या सुताराला फुग्याच्या अंगावरच्या खाचा बुजवायच्या होत्या. वालबुर्गाने त्याला हात लावू दिला नाही.

पुढे रस्त्यावरचे लोक आल्विनला थांबवून आपल्या भिंतीखाली काय आहे ते विचारू लागले. तो आठवून सांगायचा. बारा नंबरला चांगलं ओक, पंधराला नुसत्या विटा. आठ नंबरच्या म्हातारीला त्याने आपणहून सांगितलं, तुमच्याकडे लाकडात कोरलेली वेलबुट्टी आहे.

"असू दे," ती म्हणाली. "मला गुळगुळीतच आवडतं. कोपऱ्यात पोपडा आलाय, तेवढा नीट करून द्या."

त्याने तो करून दिला.