उपरण्याआडचा एजंट

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची ती पहिलीच निवडणूक. अमडापूरजवळच्या एका खेड्यात मी नवीन मास्तरीण होते, म्हणून बायकांच्या बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे आलं. शाळा माझीच, टेबलही माझंच. मी सकाळपासून ऐटीत बसलेली. पुरुषांची रांग भराभर सरकत होती. बायका मात्र ओट्यापर्यंत यायच्या, आत डोकावायच्या, पदर ओढायच्या आणि मागे फिरायच्या. माझं डोकं तापायला लागलं.

शेवटी मीच बाहेर गेले. निंबाखाली पंधरावीस जणी बसलेल्या.

"काऊन परत फिरता?" मी विचारलं.

"आत मामाजी बसेल हायेत," एक म्हणाली. "त्यायच्या समोरून कसं जावं?"

मामाजी म्हणजे तिकडे सासरे. हे मामाजी एका उमेदवाराचे एजंट, गावातले सगळ्यांत वडीलधारे. मतदार ओळखायला त्यांना दारासमोरच बसवलं होतं. निम्म्या गावाच्या सुना नात्यानं त्यांच्याच सुना, आणि सासऱ्यासमोर सुनेनं उभं राहायचं नाही ही तिथली रीत. बोलणारी तर त्यांच्या घरातलीच, धाकटी सून. यंदा पहिल्यांदाच मत द्यायचं म्हणून लग्नातलं लुगडं नेसून आलेली.

"पण मले मत द्याचं हाय, बाई," ती म्हणाली. "अशीच घरी कशी जाऊ?"

मी तरातरा आत आले आणि मामाजींना सगळं तोंडावर सांगितलं. उठावं तर उमेदवाराचं नुकसान, बसावं तर बायकांची मतं बुडणार. त्यांनी मिशी कुरवाळली. मग खांद्यावरचं उपरणं काढलं आणि स्वतःच्याच तोंडावरून घेतलं, थेट हनुवटीपर्यंत.

"घ्या," आतून आवाज आला. "बोलवा सगळ्यायले."

आमचे केंद्राध्यक्ष खिडकीकडे तोंड करून खोकत राहिले. मला तर हसू आवरेना. पण बायकांची रांग लागली.

धाकट्या सुनेची पाळी आली. विरुद्ध बाजूचा एजंट भारी खट्याळ. म्हणाला, "माही हरकत हाय. हे यायचीच सून कशावरून? मामाजीनंच सांगावं."

मामाजी काय सांगणार? घरात बोलणं दाराआडून, तेही सासूबाईंमार्फत. लग्नाला तीन वर्षं झाली, पण त्यांनी ना तिचा चेहरा धड पाहिला होता, ना आवाज ऐकला होता. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या एजंटाच्या तोंडालाच शाई फासावी असं मला वाटलं.

केंद्राध्यक्ष तिला म्हणाले, "सासऱ्यांची घरातली काही खूण सांगता येईल का?"

डोळे पुसून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "जेवताना ताट दोनदा वाजवतात. मंग सासूबाईची पाठ फिरली का दाराआडून ठेचा सरकवा लागते. डॉक्टरनं मना केलं हाय, तरी."

खोलीभर हशा पिकला. उपरणंही गदगदा हललं.

"माहीच सून हे," मामाजी म्हणाले. "द्या तिले कागद."

मी तिच्या बोटाला शाई लावली. तिनं पडद्यामागे जाऊन शिक्का मारला, पेटीत मत टाकलं आणि ताठ मानेनं बाहेर निघाली. ती दारात पोचते न पोचते तोच मामाजी मला म्हणाले, "बाई, तिले सांगा, आजपासून ताट नाही वाजवणार. तोंडानं मांगीन."

"मांगा खुशाल," दाराबाहेरच्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या. "भेटन वरणच."