अकरा दिवसांची खोटी हजेरी

"पिंजाऱ्याची पोर आहे ती, सर. तिला कापूस कळतो. हजेरी कुठली कळायला?"

मॅडम हे हेडसरांच्या केबिनमध्ये बोलल्या. माझ्या तोंडावर. समोर सातवीतल्या एका मुलीचे वडील उभे होते, सुट्टीवर आलेले फौजी. दारात शिपाई. खिडकीशी क्लार्क, तो हसला. हेडसर टेबलाच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत राहिले. जसं काही ते आजच छापून आलं होतं.

माझे कान तापले होते.

मॅडम म्हणजे आमच्या संस्थेच्या चेअरमनच्या सूनबाई. सातवी 'ब'च्या वर्गशिक्षिका. मी पाचवी 'अ'ची, तात्पुरत्या ऑर्डरवर. दर जूनला नवी ऑर्डर. दिली तर. आष्ट्याजवळची आमची शाळा. माझे अब्बा गावोगाव फिरून कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. मॅडमच्या सासरच्या गाद्याही त्यांनीच भरल्यात. आता ते थकलेत, कापसाची धूळ छातीत बसलीय. बी.एड. झालेली आमच्या घरात मी पहिली.

दोन वर्षांपूर्वी शाळेत ॲप आलं. काम हलकं होणार म्हणून चेअरमननी सभेत सांगितलं. झालं उलटंच. कागदाचा कॅटलॉगही, म्हणजे हजेरीपट, भरायचा आणि ॲपही. आठवड्याची हजेरी, चाचणीचे गुण, गृहपाठ, उपक्रमाचे फोटो, पालकांना निरोप. शनिवारी शाळा सुटायच्या आत सगळं हिरवं झालं पाहिजे. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. तिथं उन्हात उभं राहायचं. स्क्रीनवरचं चाक फिरत राहायचं. चाळीस पोरांचे गुण भरून झाले की ॲप आपोआप बंद. परत पहिल्यापासून. लय वेळा वाटायचं, फोन टाकीत फेकून द्यावा.

आणि हे मी दोन वर्गांचं करत होते.

"तुझा हात चालतो गं मोबाईलवर. माझं तेवढं करून टाक." मॅडम पहिल्यांदा असं म्हणाल्या. मी केलं. बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. चेअरमनच्या घरचं माणूस आपल्याशी गोड बोललं. पुढं ते बोलणंही संपलं. शनिवारी नुसता कॅटलॉगचा फोटो यायचा. लॉगिन त्यांचं, ओटीपी त्यांच्या फोनवर. त्या सांगलीला खरेदीत, नाहीतर कराडला माहेरी. मी फोन लावायची. "थांब गं जरा." तोवर ओटीपीची मुदत संपायची. माझ्या पाचवीचं काम सगळे घरी गेल्यावर.

एका शनिवारी त्या फोटोत एका मुलीच्या नावापुढचे सगळे रकाने कोरे दिसले. मी सातवीला गणित शिकवते. ती पोर वर्गात नव्हती, हे मला माहीत होतं. मॅडमला मेसेज करून विचारलं. उत्तर आलं, "हजर लाव. टक्केवारी पडली की सासरे चिडतात."

मी लावलं.

पुढच्या शनिवारी परत रकाने कोरे. मी परत लावलं. अकरा दिवस. माझ्याच बोटानं.

ती पोर कुठं होती? तिची आई ऑपरेशनसाठी मिरजेच्या दवाखान्यात. चुलत्यानं पोरीला घरी ठेवून घेतलं होतं. स्वयंपाक, भांडी, म्हशीचं शेण. वडील लांब ड्युटीवर. सुट्टी मिळाली तसे न कळवता घरी आले, तर पोरगी चुलीपुढं. उकळती आमटी सांडून डाव्या हातावर फोड आलेले. त्यांनी मोबाईल उघडला. मोबाईलवर पोरगी हजर.

म्हणून ते केबिनमध्ये उभे होते.

ते मॅडमकडं बघतच नव्हते. माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "बाई, तुमी लावली हजेरी?"

"व्हय," मी म्हटलं.

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी चढवला नाही. "तिकडं वर डोंगरात रेंज नसती. शनिवारी खाली आलो की पैला शाळंचा निरोप बघायचो. समदं हिरवं. म्हनायचो, चला, पोरगी तरी शाळंत हाय."

एवढंच बोलले. टोपी घेतली आणि बाहेर गेले.

मॅडमनी जे म्हटलं त्यानं मी तापले होते. ह्या माणसानं जे म्हटलं त्यानं मी आतनं सोलले गेले.

हेडसरांनी कोरा कागद पुढं सरकवला. "माझ्या हलगर्जीपणामुळे चुकीची नोंद झाली, असं लिहा. सही करा. विषय संपवू." मी बसले. पेन घेतलं. हो, मी लिहायला लागले होते. घरी अब्बांची औषधं, जूनची ऑर्डर, सगळं डोळ्यापुढं होतं. 'माझ्या हलगर्जीपणा' एवढं लिहून झालं.

तेवढ्यात मॅडमनी त्यांचा फोन माझ्या कागदावर ठेवला. लॉगिन उघडलेलं.

"ते नंतर लिही. आधी मागच्या आठवड्याचं राहिलंय, ते भर. मला निघायचंय."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, चेष्टा करतात. नव्हत्या करत. आत्ताच ज्या कामासाठी मला चोर ठरवलं, तेच काम परत माझ्या हातात. त्यात काही वावगं आहे, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"मी नाही भरणार," मी म्हटलं.

"काय?"

"तुमचा वर्ग, तुमचं लॉगिन. तुम्ही भरा."

"तुझा बाप आमच्या अंगणात बसून कापूस पिंजायचा. त्यानं कधी नाही म्हटलं नाही. तुला एवढी मस्ती कुठली गं?"

मग मात्र तोंड सुटलं. "मॅडम, माझ्या बापानं जुना कापूस नवा म्हणून कुणाच्या गादीत भरला नाही. तुमच्याही नाही. तसलं काम मी केलं. तुमच्यासाठी केलं. आता करणार नाही."

हेडसर म्हणाले, "आवं बाई, बसा. जूनचा विचार करा."

मी उभीच राहिले. तो कागद फाडला. दुसरा घेतला आणि उभ्यानंच लिहिलं. अकरा तारखा. लॉगिन कुणाचं, ओटीपी कुणाच्या फोनवर, 'हजर लाव' हा निरोप कुणाचा. आणि खाली, खोटं आहे हे माहीत असताना नोंद मी केली, त्याची जबाबदारी माझी. नंतर निरोपांच्या प्रिंट काढून जोडल्या. एक प्रत हेडसरांना. एक त्या फौजी बापाला, घरी जाऊन. तिसरी पंचायत समितीत शिक्षण विभागाला. तिन्ही ठिकाणी पोच घेतली.

ती मुलगी शाळेत येते आता. माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसते. माझ्याकडं बघत नाही. बरोबर आहे तिचं.

मॅडमचा वर्ग काढून घेतला. त्यांना पर्यवेक्षक केलं. त्या आता माझ्या वर्गावर शेरे मारतात. मला मेमो आला. संस्थेची बदनामी, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबतं. परवा क्लार्क हळूच म्हणाला, "माफी लिवून टाका की. मिटतंय. जूनला यादीत नाव न्हाई तुमचं."

नसू दे.

मेमोचं उत्तर दिलंय. अर्ध्या पानाचं. चुकीचं काही लिहिलं असेल तर चौकशी करा, मी समोर यायला तयार आहे. माफी मागितलेली नाही. मागणार नाही.

आज शनिवार. माझ्या पाचवीतली चार पोरं या आठवड्यात आली नाहीत. चौघांपुढं गैरहजर लावलं. स्क्रीन लाल झाली. हेडसरांनी दोनदा बोलावलं, "जरा बघा की." मी बघितलंय. पोरं नाहीत. चौघांचे पत्ते वहीत उतरवून घेतलेत, शाळा सुटली की चारी घरी जाणार आहे.

जूनपर्यंत ही शाळा आहे. जूननंतर दुसरी असेल, नाहीतर कुठलीच नसेल. नसलेल्या पोराला असलेलं म्हणायला मात्र माझं बोट आता कुणालाही मिळणार नाही.