लघाट्यांनी न वाचलेला करार

वारा असा सुटला होता की टेकडीवर मार्तंड लघाट्यांना स्टँडवरची स्कूटरसुद्धा हाताने धरून ठेवावी लागली. आणि समोरच्या पवनचक्क्या? एकही फिरत नव्हती!

"प्रणव, अरे ह्या बंद का?" पवनचक्की कंपनीच्या तरुण इंजिनियरला त्यांनी विचारलं. वाऱ्याच्या विजेचा करार आजपासून लागू होणार होता; मीटरचं सुरुवातीचं रीडिंग घ्यायला ते देवासहून आले होते.

"वीज बोर्डाची लाइन गेलीय ना, काका. लाइन गेली की चक्की पण थांबते."

"आमच्याकडे वीजकपात झाली तर? वाऱ्याची वीज घेणाऱ्यांची लाइन कापत नाहीत ना?"

"कोण बोललं? तार तर तीच आहे. तुमची लाइन गेली की तुमच्याकडे पण अंधार. आम्ही बोर्डाला युनिट देणार, ते तुमच्या बिलातून वजा होणार, बस. ॲग्रीमेंटमध्ये साफ लिहिलंय. तुम्हीच तर पढून सांगितलं ना सेठजींना?"

लघाट्यांनी घड्याळात बघितलं.

ही गोष्ट २००२ सालची. उमाशंकर शेटजींचा देवासच्या इंडस्ट्रियल एरियात गिअर भट्टीत तापवून कडक करण्याचा छोटा कारखाना होता आणि लघाटे तिथे बावीस वर्षं इलेक्ट्रिशियन. पण मान मुनीमजींपेक्षा मोठा! आजोबा संस्थानच्या दप्तरात होते, त्यामुळे हा माणूस शिकलेलाच असणार असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. इंग्रजी कागद आला की शेटजी म्हणायचे, "लघाटेजी को दिखाओ." मग लघाटे चष्मा चढवायचे, पानं उलटायचे, हूं हूं करायचे आणि आकडे, तारखा बघून अंदाजाने काहीतरी सांगायचे. आणि गंमत म्हणजे ते बरोबर निघायचं! खरं सांगायचं तर हिंदी शाळेत शिकलेल्या लघाट्यांना इंग्रजीचं एक वाक्य धड लागत नव्हतं. हे घरी प्रेमलाबाईंना ठाऊक होतं, बाहेर कुणालाही नाही. बावीस वर्षं हे झाकून ठेवायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

वाऱ्याच्या विजेचा करार चौदा पानी होता. लघाट्यांनी तो दोन दिवस घरी ठेवला आणि येऊन सांगितलं, "सेठजी, कटौती का झंझट खतम." शेटजींनी सही केली. एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट वेगळी. पण कपातच नाही म्हटल्यावर जनरेटर कशाला पोसायचा, म्हणून त्यांनी तो विकायला काढला. आज बाराला इंदूरच्या व्यापाऱ्याचा ट्रक येणार होता. आणि भट्टीत सकाळपासून चारशे गिअर तापत होते. साडेबाराला ते विजेच्या क्रेनने उचलून तेलात सोडायचे. त्याआधी वीज गेली आणि वीस मिनिटांत आली नाही, की सगळा माल भंगारात. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा माल होता तो.

प्रणवच्या ऑफिसात फोन होता. लघाट्यांनी रिसीव्हर उचलला. सांगणार काय? ट्रक परत पाठवा, कारण मला वाचता येत नाही? त्यांनी तो मुकाट्याने खाली ठेवला आणि स्कूटरला किक मारली.

वाटभर त्यांचं डोकं सबबी शोधत होतं. दोन महिने जनरेटर राहू दे म्हणावं? प्रणवने नवीन नियम सांगितला म्हणावं? हो, नवीन नियम! हे बरं होतं. स्वतःचीच लाज वाटत होती, तरी बरं होतं.

ते पोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते. दारात ट्रक उभा, जनरेटरच्या केबल सोडलेल्या, डिझेल पिंपात काढलेलं, साखळदंड आवळलेला.

"थांबवा! रोको भिया!" लघाटे ओरडले. आणि तेवढ्यात भट्टीच्या पंख्याची घरघर बसत बसत बंद पडली. वीज गेली.

"अरे, लाइट कैसे गई?" शेटजी केबिनमधून धावत आले.

उत्तर द्यायला लघाट्यांना वेळ नव्हता. "डिझेल भरो! पाना दो!" गुडघ्यावर बसून ते केबल जोडू लागले. एक नट मातीत पडला, सापडेना; मेला कुठे गेला! कुणीतरी मिनिटं मोजत होतं. "दस हो गए, लघाटेजी." चौथी केबल बसली. पहिल्यांदा इंजिन नुसतं खोकलं. "चौदा." दुसऱ्यांदा खोकलं आणि मग धडधडून चालू झालं. क्रेन हलली. लालबुंद गिअरची टोपली वर आली, तेलात गेली आणि धुराचा लोट उठला. माल वाचला होता.

लोकांनी लघाट्यांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. शेटजींचे डोळे भरून आले होते. पण केबिनमध्ये आल्या आल्या त्यांनी फोन ओढला.

"ठगा हमको! उस प्रणव की नौकरी खा जाऊँगा मैं. झूठ बोलके साइन कराई!"

नंबर फिरत होता. लघाट्यांनी एक शब्द बोलायची गरज नव्हती. गप्प बसलं की झालं. पोरगं नवीन आहे, दुसरी नोकरी मिळेल. असं त्यांना वाटलं, अगदी खरोखर वाटलं. मग त्यांनी पुढे होऊन फोनच्या खटक्यावर बोट दाबलं.

"लड़के की गलती नहीं, सेठजी. कागज में साफ लिखा है. मैंने पढ़ा ही नहीं. मुझे अंग्रेजी नहीं आती. कभी आती ही नहीं थी."

रिसीव्हर हळूच ठेवून शेटजी खुर्चीत बसले.

"मुझे कहाँ आती है, लघाटेजी?" ते म्हणाले. "मैं तो बाईस साल से आपका मुँह देखके साइन कर रहा हूँ."

ह्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लघाट्यांना वाटलं.